पाचव्या नंबरचं पाखरू

"बाई, तुमच्या विद्यार्थ्यांना मासा आणि पक्षी यांतला फरक कळत नाही का?"

अंबुलकर सरांनी बारा उत्तरपत्रिका टेबलावर मांडल्या. त्यांतल्या नऊ वेगळ्या काढल्या. प्रत्येकीवर एकाच जागी लाल पेन्सिलीने गोल केला होता आणि गोलात एकच शब्द होता. पाखरू.

अंबुलकर सर आमचे एक्स्टर्नल, म्हणजे विद्यापीठाने नागपूरहून पाठवलेले बाहेरचे परीक्षक. मी इंटर्नल, म्हणजे घरची. प्रॅक्टिकलच्या निकालावर दोघांच्या सह्या लागतात. वजन कोणाच्या सहीला, हे सांगायला नको. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती. यवतमाळच्या त्या कॉलेजात सायन्स तेव्हाच सुरू झालं होतं आणि इंटरची, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची, ही पहिलीच बॅच. मलाही अजून पर्मनंट केलेलं नव्हतं.

आधी स्पॉटिंग म्हणजे काय ते सांगते. झूऑलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये लांब टेबलावर बरण्या मांडून ठेवतात. एकीत खेकडा, एकीत जळू, एकीत सरडा. प्रत्येक बरणीला फक्त नंबर असतो. विद्यार्थ्याने बरणीपुढे दोन मिनिटं उभं राहायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या: प्राण्याचं नाव, त्याचं हॅबिटॅट म्हणजे तो कुठे राहतो, आणि एखादी खूण. घंटा झाली की पुढच्या बरणीपुढे जायचं. विद्यापीठाच्या सूचनेत तेव्हा एक ओळ होती: नाव इंग्रजीत किंवा मराठीत लिहिलं तरी चालेल. सगळा घोटाळा त्या ओळीत होता.

पाचव्या नंबरच्या बरणीत उडणारा मासा होता. शास्त्रीय नाव एक्झोसीटस.

"एकाने चूक केली तर ती चूक," सर म्हणाले. "नऊ जणांनी तीच चूक केली तर तिला काय म्हणतात, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. तिला कॉपी म्हणतात.

"मी विद्यापीठाला रिपोर्ट करणार. या बॅचचा निकाल राखून ठेवतील. चौकशी होईल, ती कधी संपेल ते मी सांगू शकत नाही."

म्हणजे पोरांचं वर्ष गेलं. वर्ष गेलं तर परत कॉलेजला येणारे त्या बारांत दोघं-तिघं असते. बाकीच्यांना घरचे लोक म्हणाले असते, झालं तुझं सायन्स, आता शेतात ये. मला हे सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. आणि कॉपी झाली नव्हती, हे मला ठाऊक होतं. तो शब्द त्यांना मी दिला होता.

मी मालवणकडची. वडील गलबतावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. गलबत मंगळूरहून कौलं आणायचं. मी अकरा वर्षांची असताना कारवारला आत्याकडे जायला त्यांच्याबरोबर निघाले. वाऱ्याने आम्हाला किनाऱ्यापासून लांब ढकललं. आमच्याकडचं पाणी हिरवट, गढूळ. तिथलं एकदम निळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गलबताच्या पुढून वीतभर लांबीचे मासे पाण्यातून सुटले आणि हवेत गेले. बराच वेळ खाली आलेच नाहीत. "पाखरां," वडील म्हणाले. आमच्याकडे त्या माशाला पाखरूच म्हणतात. दुसरं नाव मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

यवतमाळला आले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. एकटी. भाड्याची एक खोली. घरमालकीणबाई मनाने चांगल्या, पण मी बाजारातून मरळ मासळी आणली त्या दिवशी त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग स्वतःच येऊन विचारलं, "तुमच्या इकडचा समुद्र केवढा हाये वो? आमच्या वाघाडी नदीएवढा असन?" मी सांगायला लागले, तर त्यांना चुलीवरचं आठवलं. घरची पत्रं महिन्याला एक. स्टाफरूममध्ये मी एकटीच बाई. मी आत गेले की बोलणं थांबायचं आणि बाहेर पडले की सुरू व्हायचं. रविवारी मला खोलीत बसवायचं नाही. मी लॅबमध्ये येऊन बरण्या पुसत बसायची.

बरण्यांचा संच बाहेरून मागवलेला होता. त्यात हा मासा निघाला तेव्हा मला केवढा आनंद झाला. खरं तर आनंद व्हावा असं त्यात काही नव्हतं. फॉर्मलिनमध्ये प्राणी कुजत नाही, पण त्याचा रंग जातो. माझं निळं पाखरू उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचं झालं होतं. बरणीची चिठ्ठी प्रवासात गळून पडलेली. ती मी नव्याने लिहायला हवी होती. मी लिहिली नाही. हा कोण आहे ते कळायला मला चिठ्ठीची गरज नव्हती.

मग वर्गात मी बोलायला लागले. पुस्तकात या माशावर साडेचार ओळी होत्या. मी त्याच्यावर दोन तास घेतले आणि नंतरही जमेल तिथे त्याला मध्ये आणलं. कारण सरळ आहे. वर्गातली माणसं उठून जाऊ शकत नव्हती. खोलीत, स्टाफरूममध्ये, बाजारात जे कोणाला ऐकायचं नव्हतं, ते मी तिथे बोलून घेतलं. पोरं वहीत डोकं घालून बसायची. ऐकतात की नाही, कळायचं नाही. मला त्याची फिकीर नव्हती, असं मी स्वतःला सांगत असे. आणि त्या दोन वर्षांत मी त्या माशाला एक्झोसीटस किती वेळा म्हटलं असेन? फार तर चारदा. उरलेल्या वेळी पाखरूच.

हे सगळं अंबुलकर सरांना कसं सांगणार? मी एवढंच म्हणाले, "सर, तो शब्द बरोबर आहे. कोकणात या माशाला पाखरूच म्हणतात. मी वर्गात तो वापरला."

"पुस्तकात दाखवा."

पुस्तकात नव्हता. आमचे लॅब अटेंडंट गणपतराव जवळच्याच बोरी अरब गावचे, पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्यांनी लायब्ररीतून जाडजूड मराठी कोश आणून टेबलावर आपटला. सरांनी चष्मा पुसून अर्थ वाचले. लहान पक्षी. पक्ष्याचं पिल्लू. पतंग. चौथा अर्थ सुंदर तरुणीबद्दल होता, तो त्यांनी मनातल्या मनात वाचला आणि कोश मिटला.

"मासा नाही यात."

"कोश लिहिणारे समुद्रावर गेले नसतील, सर."

"इथे दुसरं कोण गेलंय? एक माणूस आणा जो म्हणेल की हा शब्द खरा आहे. कोणीही."

मी विचार करायला लागले. प्राचार्य अमरावतीचे. केमिस्ट्रीचे सर वर्ध्याचे. सगळ्या जिल्ह्यात समुद्र पाहिलेली माणसं असतीलही, पण किनाऱ्यावर पाय भिजवून आलेली. या माशाला उडताना पाहिलेलं, त्याला नावाने हाक मारलेलं दुसरं माणूस मला आठवेना. इतकी एकटी मी त्या दोन वर्षांत कधीच नव्हते. घरी तार केली असती, तरी वडिलांचं उत्तर येईपर्यंत सर नागपूरला पोचले असते. आणि तांडेलाची तार विद्यापीठ कशाला मानेल?

गणपतरावांनी मला खुणेने बाहेर बोलावलं.

"बाई, सर लय तापून राह्यले. मी सांगू का? म्या हे पाखरू मुंबईले पाह्यलं, म्हनतो."

"तुम्ही मुंबईला कधी गेलात?"

"कधीच नाई. पन त्याईले थोडीच मालूम हाये?"

"नको गणपतराव."

"काहून नको? लेकरायचं वर्ष जाऊन राह्यलं न् तुमी खरं-खोटं पाहून राह्यल्या!"

ते चिडले होते आणि त्यांचं चिडणं मला बरं वाटलं. निदान एक माणूस माझ्या बाजूने खोटं बोलायला तयार होता. पण त्यांच्या बोलण्यातून मला एक सुचलं. साक्षीदार बाहेर कशाला शोधायचा? नऊ जण व्हरांड्यात बसलेच होते.

मी आत गेले. "सर, दुपारी यांची व्हायवा आहेच." व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा. "एकेकाला बोलवा आणि या एका माशाबद्दलच विचारा. कॉपी केली असेल तर शब्दापलीकडे काही सांगता येणार नाही. ज्यांची झाली त्यांना गणपतराव बॉटनीच्या खोलीत बसवतील, म्हणजे आतलं बाहेर जाणार नाही. मी स्टोअररूममध्ये बसते. तोंड उघडणार नाही."

सरांनी घड्याळ पाहिलं. "आणि नाही सांगता आलं तर?"

"तर रिपोर्टवर मीसुद्धा सही करते."

हे मी म्हणून बसले. पण ती पोरं माझं ऐकत होती, याला माझ्याकडे काडीचाही पुरावा नव्हता.

स्टोअररूमचं दार अर्धवट लोटून मी स्टुलावर बसले. एप्रिलमधली दुपार, खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्या सुकून गेलेल्या. फॉर्मलिनच्या वासाने डोळे चुरचुरत होते.

पहिली आली कुसुम राऊत. तिच्या घरची कपाशी होती, बोलणं जेमतेम. सरांनी बरणीवर बोट ठेवलं. "हा उडतो का?"

"नाई सर. उडते म्हनतात, पन पंख हालवत नाई. घार कशी वर तरंगते, तसं." ती थांबली. मला वाटलं, संपलं. "पयले पान्यात जोरानं पोहते. मंग आंग बाहेर काढते. पन शेपटीचा खालचा भाग लांब हाये ना, तो पान्यातच ठेवते अन् हालवत राह्यते. जोर आला का मंग पुरं सुटते."

"पंख म्हणजे काय?"

"पंख नाई सर, कल्ल्यामागचे पर. ते वाढले."

सरांनी तिला बॉटनीच्या खोलीत पाठवलं. मी स्टुलावर सरळ झाले.

दुसरा वासुदेव, राजूरचा, वडील कोळशाच्या खाणीत. तो रंगावर घसरला. "पाठीवर निळा, पोटाले चांदीसारखा. वरून पाह्यलं त पान्यात दिसत नाई, खालून पाह्यलं त उजेडात दिसत नाई."

"हा तर पांढरा आहे."

"मेल्यावर झाला सर. फॉर्मलिननं रंग नेला. जिता होता तवा निळा होता." जणू याने स्वतः पाहिला होता.

तिसऱ्याला सरांनी विचारलं, "हॅबिटॅट?"

"मंगळुरी कौलं, सर."

"काय?"

"कौलायवर पडते ते. जहाजातल्या."

मी कपाळाला हात लावला. अर्धा तास मी गलबताचं वर्णन केलं होतं, त्यातलं या शहाण्याने नेमकं एवढंच उचललं होतं. चौथ्याने सांगितलं की याला हवेत श्वास घेता येतो. ते साफ चूक. पाचवीने सांगितलं की कुपा नावाचा मोठा मासा पाठीस लागला की जीव वाचवायला हा पाण्याबाहेर पडतो. ते बरोबर. सहावा म्हणाला, याची अंडीसुद्धा उघड्या समुद्रातच तरंगतात, हा जन्मापासून मरेपर्यंत किनारा पाहत नाही. तेही बरोबर.

मी मोजत होते ते मार्क नव्हते. ही वाक्यं माझी होती. मी ती हवेत सोडून दिली होती. आता ती एकेक करून वऱ्हाडीत परत येत होती, कुठे नीट, कुठे मोडकी. दोन वर्षं मी भिंतीशी बोलते आहे असं समजत होते. आनंद झाला म्हणावं, तर त्याहून जास्त लाज वाटली. यांच्यापैकी एकालाही मी कधी विचारलं नव्हतं, तुझं गाव कसं आहे रे?

सगळ्यात शेवटी गोविंद राठोड. दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यावरचा. मागच्या बाकावर बसायचा आणि दोन वर्षांत त्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"कुठे राहतो हा?"

"समुद्रात, किनाऱ्यापासून लय दूर. जिथून जमीन दिसत नाई. पानी गरम असते अन् निळं असते."

"समुद्र पाहिलास तू?"

"नाई सर. आमचे लोक पयले बैलावर मीठ वाहत. मीठ तिथून येते, एवढंच मालूम."

"मग पाणी निळं, हे कशावरून?"

"बाईनं सांगतलं. सांगतांनी त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. खोटं सांगनारा मानूस आपल्याकडं पाहून सांगते."

सर थोडं हसले असावेत. दाराच्या फटीतून मला त्यांची पाठच दिसत होती. "एकटा राहतो की थव्याने?"

"थव्यानं. पन जहाजावर पडते ते एकटंच पडते. कंदिलाचा उजेड पाहून येते. मंग त्याले उठता येत नाई."

"का? पंख आहेत की त्याला. त्यांवरच तर हवेत जातो."

"पंख असून काय उपेग, सर? जोर त शेपटीनं पान्यातून घेते ना ते. लाकडावर पानी कुठं हाये? पानी नाई त पंख कायचे?"

"हे पुस्तकात आहे?"

"नाई."

"बाईंनी सांगितलं?"

"नाई सर. म्याच इचार केला."

खरंच मी हे सांगितलं नव्हतं. वडिलांनी त्या दिवशी गलबतावर पडलेला एक मासा उचलून माझ्या हातात दिला होता, तो तडफडला आणि मेला, एवढंच मी वर्गात बोलले होते. का उडाला नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मला तिथे रडू आलं. तोंडावर पदर दाबून मी ते गिळलं, कारण तोंड उघडणार नाही असा शब्द दिला होता.

गोविंद गेल्यावर सरांनी मला बाहेर बोलावलं. कॉपीचा रिपोर्ट लिहायला घेतलेला कागद त्यांनी फाडला.

"कॉपी करणाऱ्यांच्या चुका सारख्या असतात," ते म्हणाले. "यांच्या चुकांतसुद्धा एकीसारखी दुसरी नाही. मंगळुरी कौलं!" मग त्यांनी पेन उघडलं. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. "हॅबिटॅट आणि खूण यांचे मार्क ज्याचे त्याला मिळतील. नावाचा मार्क देता येणार नाही. उद्या दुसऱ्या सेंटरवर कोणी असाच घरचा शब्द लिहिला तर मी काय करू? आणि तुम्ही मला लेखी द्या."

"काय?"

"की यापुढे वर्गात मान्य नावंच वापराल. नाहीतर पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा येईल, तो एवढं ऐकून घेणार नाही."

मी लिहून दिलं. चार ओळींचं होतं, खाली सही केली. पुढच्या काही महिन्यांत मला पर्मनंट केलं, तेव्हा तो कागद माझ्या फायलीत लावलेला होता, असं नंतर हेडक्लार्ककडून कळलं.

निकाल जूनमध्ये लागला. बारांपैकी अकरा पास झाले. एक राहिला तो फिजिक्समध्ये. माझ्या पाखराने कोणाचं वर्ष नेलं नाही. पण भेटायला कोणी आलं नाही आणि येण्याचं कारणही नव्हतं. त्या दुपारी आपलं काय वाचलं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं, व्हायवा अशीच असते. कुसुम नागपूरला गेली. गोविंद शेतकी कॉलेजात गेला, असं गणपतराव म्हणाले. त्याला मी एक पत्र लिहिणार होते. काय लिहायचं ते ठरेना आणि मग उशीर झाला.

या प्रकरणातून मी जे शिकले ते शिक्षकांनी ऐकून ठेवायला हरकत नाही. बरणी आली की आधी चिठ्ठी लावावी. आणि घरचा शब्द वर्गात गेलाच तर तो घरचा आहे असं परीक्षेच्या आत सांगून टाकावं.

मी तो शब्द पुन्हा वापरला नाही. पुढच्या बॅचला मी पुस्तकातल्या साडेचार ओळी शिकवल्या, एका तासात. लेखी दिलं होतं हे एक, आणि बोलायला लागले तर कुठे थांबेन याची भीती हे दुसरं. त्या वर्षी स्पॉटिंगला पाचव्या नंबरवर तीच बरणी होती. सगळ्यांनी एक्झोसीटस लिहिलं, स्पेलिंगसकट. नवे एक्स्टर्नल खूश झाले आणि व्हायवाच्या वेळी मला म्हणाले, "तुम्हीच विचारा एखादा प्रश्न."

पुढे एक हुशार मुलगी उभी होती. मी विचारलं, "हा मासा कुठे राहतो?"

"उष्ण कटिबंधातील खुला समुद्र," ती एका दमात म्हणाली.

"म्हणजे कसा असतो तो?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग परत माझ्याकडे. "बाई," ती हळूच म्हणाली, "तुमी त तेवढंच सांगतलं होतं."

उत्तर बरोबर होतं. मी पूर्ण मार्क दिले.